जाम झालेल्या नटाचा इतिहास

गंज लोखंड खातो, असे आपण म्हणतो. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो आणि वस्तू झिजत जाते, असे पाठ्यपुस्तकही सांगते. पण हे एवढेच खरे मानले तर एक गोष्ट जुळत नाही. नट लोखंडाचा आणि बोल्टही लोखंडाचा. दोघांचे आटे गंजाने खाल्ले तर मधली फट वाढायला हवी, नट सैल व्हायला हवा, बोटाने फिरवला तरी सुटायला हवा. प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट. चार पावसाळे खाल्लेला नट असा काही जाम होतो की पाना वाकतो, बोल्ट तुटतो, पण नट हलत नाही. हा प्रश्न सातवी-आठवीच्या वर्गात विचारून पाहावा. ज्या मुलाच्या घरी गॅरेज किंवा सायकल दुरुस्तीचे दुकान असते, ते बहुतेक वेळा ‘गंज फुगतो’ असे चटकन सांगते. उत्तर बरोबर आहे, आणि विज्ञानाला ते आकड्यांत मांडायला बराच काळ लागला.

नागपुरात अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी जीप हौसेने सांभाळणारी मंडळी अजूनही आहेत. अशा गाडीच्या कामात सुटा भाग बदलायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ तो भाग आधी काढण्यात जातो. ब्रेकचा ड्रम, सायलेन्सरचा जोड, स्प्रिंगपाट्यांचे यू-बोल्ट, दाराच्या बिजागऱ्या, सगळे एकमेकांना चिकटून बसलेले. हिंदुस्थान मोटर्सने अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबवले. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. म्हणजे इंजिनाच्या ठोकळ्यात रुतलेला एखादा बोल्ट तुटला, किंवा तो काढताना ठोकळ्यालाच चीर गेली, तर नवा ठोकळा कारखान्यातून येणार नाही. कबाड्याकडे शोधायचा, नाहीतर गाडी उभी करून ठेवायची. त्यामुळे नट सुटतो कसा, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

आधी फुगण्याचे पाहू. जळताना किंवा गंजताना धातूचे वजन वाढते, हे १७७०च्या दशकात फ्रान्समध्ये लव्हाझिएने तराजूने पक्के केले आणि वाढलेले वजन हवेतून येते हे दाखवले. वजनाचा प्रश्न असा सुटला. आकारमानाचा मात्र पुढची दीडशे वर्षे कोणी नीट हिशोब मांडला नव्हता. १९२३ मध्ये पिलिंग आणि बेडवर्थ या दोघांनी तो मांडला. धातूच्या ऑक्साइडचे आकारमान भागिले त्यासाठी खर्ची पडलेल्या धातूचे आकारमान, एवढेच त्यांचे गुणोत्तर. त्यांना नट-बोल्टशी काही कर्तव्य नव्हते. कोणत्या धातूवरचा ऑक्साइडचा थर धातूला झाकून टाकतो आणि कोणत्या धातूवरचा अपुरा पडतो, हे त्यांना शोधायचे होते. मॅग्नेशियमसाठी हे गुणोत्तर एकापेक्षा कमी भरते, म्हणून त्याचा ऑक्साइड पूर्ण पृष्ठभाग झाकू शकत नाही.

लोखंडाचा हिशोब दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असा आहे. लोखंडाचा अणुभार ५५.८५ आणि घनता ७.८७, म्हणून एक मोल लोखंडाचे आकारमान ७.१ घनसेंटीमीटर. नेहमीच्या पिवळसर तपकिरी गंजात गोएथाइट नावाचे संयुग बरेच असते. त्यात लोखंडाच्या एका अणूबरोबर ऑक्सिजनचे दोन आणि हायड्रोजनचा एक अणू असतो. त्याचा रेणुभार सुमारे ८८.९ आणि घनता सुमारे ४.३, म्हणजे आकारमान २०.७ घनसेंटीमीटर. भागाकार करा: २.९. एक भाग लोखंड गेले की त्याच्या जागी जवळजवळ तीन भाग गंज येतो. (गोएथाइट हे नाव जर्मन कवी गटे याच्यावरून दिलेले आहे. गटेला खनिजे जमवण्याचा मोठा नाद होता.)

आता नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली फट ०.१ मिलिमीटर धरू. ती भरून काढायला किती लोखंड गंजावे लागेल? गंज २.९ पट जागा घेतो, पण लोखंडाची एक पट जागा रिकामी होते, म्हणून निव्वळ वाढ १.९ पट. ०.१ला १.९ने भागले की ०.०५३ मिलिमीटर आले. हे नट आणि बोल्ट यांच्यात वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.०२६ मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याने बोल्टची ताकद काहीच घटत नाही, मात्र फट ठासून भरते. गंज पोकळ आणि सच्छिद्र असल्याने प्रत्यक्षात याहून कमी लोखंडातही भागते. आणि फट भरल्यावरही गंजणे थांबत नाही, ते दाबत राहते.

हा दाब किती असतो, याचा धडा अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराने दिला आहे. प्राचीन ग्रीक गवंड्यांनी संगमरवराचे दगड लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांशी जखडले होते, पण त्या पट्ट्यांभोवती शिसे ओतले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत निकोलाओस बालानोस या अभियंत्याने डागडुजी केली, तेव्हा लोखंड वापरले पण शिशाचे कवच दिले नाही. ते लोखंड गंजून फुगले आणि त्याने संगमरवर फोडला. १९७५ पासून सुरू झालेल्या जीर्णोद्धारात त्या पट्ट्या काढून टायटॅनियमच्या बसवाव्या लागल्या. आपल्याकडे जुन्या इमारतीच्या छताचे पापुद्रे पडून आतली सळई उघडी पडते, तेही हेच. काँक्रीट खराब म्हणून ते पडले असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते आतल्या सळईच्या गंजाने ढकलून पाडलेले असते.

बाहेरून बरा दिसणारा नट आतून जाम का असतो, याचे उत्तर केंब्रिजच्या यु. आर. एव्हान्स यांनी १९२६ च्या सुमारास एका थेंबात दाखवले. लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड मिसळलेले असते. थोड्या वेळाने थेंबाच्या कडेला गुलाबी रंग येतो आणि मध्यभागी निळा. कडेला हवा लागून असते, तिथे ऑक्सिजन भरपूर. मध्यभागी तो कमी पोहोचतो. लोखंड विरघळते ते मध्यभागी, जिथे ऑक्सिजन कमी आहे तिथे! थेंब म्हणजे एक चिमुकला विद्युत घट असतो. नटाच्या आतली अरुंद फट ही त्या थेंबाच्या मध्यभागासारखीच. पाणी केशाकर्षणाने आत शिरते, ऑक्सिजन मागे पडतो, आणि नुकसान नजरेआड होत राहते. दोन रसायने मिळाली तर हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत पंधरा मिनिटांत होतो. आमच्या मते गंजाच्या धड्यातला तो सर्वांत चांगला प्रयोग आहे, आणि नेमका तोच बहुतेक पुस्तकांत नसतो.

१९३०च्या दशकात इंग्लंडमध्येच व्हर्नन यांनी आणखी एक गोष्ट मोजली. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर लोखंड फार सावकाश गंजते. ती त्याच्या वर गेली आणि हवेत धुराचे वायू असले की वेग एकदम वाढतो. नागपूरच्या दृष्टीने हा आकडा महत्त्वाचा आहे. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत इथली हवा इतकी कोरडी असते की दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांच्याही खाली जाते. उन्हाने माणसाचे हाल होतात, पण लोखंड सुखात असते. मग चार महिन्यांत सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि वर्षाचे सगळे गंजकाम त्या काळात उरकून घेतले जाते. मुंबईला पावसाळा संपला तरी दमटपणा संपत नाही, त्यात समुद्राचे मीठ. तमिळनाडूतील कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्थेने देशभर धातूचे तुकडे ठेवून भारताचा गंजनकाशा तयार केला, त्यात समुद्रकिनारा आणि आतला मुलूख यांतला हा फरक ठळक दिसतो. जुनी गाडी विकत घेताना नागपूरचे जाणते मिस्त्री आधी नंबरप्लेट पाहतात ती याचसाठी. एम-एच शून्य-एक ते शून्य-तीन म्हणजे मुंबईची गाडी. तिच्याखाली वाकून पाहिल्याशिवाय किंमत बोलायची नाही.

इथवर गंजाचे झाले. पण नट जाम होण्यात आणखी एक इतिहास गुंतलेला आहे, तो आट्यांचा आणि पान्यांचा. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. या सगळ्यांची यंत्रे विलायतेतून येत, आणि त्यांच्याबरोबर विलायती आटे येत. त्या आट्यांना शिस्त लावली ती जोसेफ व्हिटवर्थ याने. त्याच्या आधी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे होते. एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेल याचा भरवसा नसे, म्हणून जोड्या बांधून ठेवाव्या लागत. व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली, सरासरी काढली आणि १८४१ मध्ये एक पद्धत सुचवली: आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला इंचामागे ठरावीक आटे. ब्रिटिश रेल्वे कंपन्यांनी ती उचलली आणि साम्राज्यभर पसरवली. मोतीबागच्या नॅरो गेज रेल्वे संग्रहालयात विद्यार्थ्यांना नेले तर इंजिनाच्या भोंग्याबरोबर त्याचे नटही पाहायला सांगावे.

आपल्या कारागिरांनी ही मापे आपल्या भाषेत घेतली. इंचाचे आठ भाग, एका भागाला सूत. अर्ध्या इंचाचा बोल्ट म्हणजे चार सुती. आजही हार्डवेअरच्या दुकानात ‘तीन सुताचा बोल्ट द्या’ म्हटले की दुकानदार पाऊण सेंटीमीटर की एक, असा घोळ घालत नाही. तो ३/८ इंच काढून देतो.

अमेरिकेत मात्र १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने ६० अंशाचा कोन सुचवला, कारण तो कापायला आणि तपासायला सोपा. युरोपात मिलिमीटरचे आटे रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धात याचा फटका बसला. ब्रिटनचे मर्लिन विमान-इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतले, तेव्हा त्यांना ब्रिटिश आट्यांची हत्यारे मुद्दाम तयार करावी लागली. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये ‘युनिफाइड’ आट्यांचा करार केला: कोन ६० अंशांचा, मापे इंचातच.

या तिन्ही पद्धती स्वतंत्र भारतात मोटारींबरोबर येऊन पोहोचल्या. अँबेसेडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, म्हणून इंचाची. जीप अमेरिकन वंशाची, तीही इंचाची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फिएट इटलीची, म्हणून मिलिमीटरची. जुन्या मॉरिसच्या काही इंजिनांची तर आणखी गंमत. पहिल्या महायुद्धात हॉचकिस ही फ्रेंच कंपनी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला आली, येताना मिलिमीटरची यंत्रे घेऊन आली, आणि १९२३ मध्ये तो कारखाना मॉरिसने विकत घेतला. तेव्हा आटे फ्रेंच मापाचे, पण नटाचे डोके व्हिटवर्थ मापाचे ठेवले, का तर इंग्रज गिऱ्हाइकाकडे व्हिटवर्थचे पाने होते! असा बोल्ट हरवला आणि त्याजागी इंची बोल्ट कोंबला तर दोन-तीन वेढे तो जातोही, मग अडकतो. पुढे वीस वर्षांनी कोणी तो काढू पाहतो तेव्हा त्याला वाटते की गंजाने जाम झाला आहे.

पान्यांचा घोळ याहून वाईट. पाव इंची व्हिटवर्थच्या पान्याचे तोंड १३.३ मिलिमीटर असते, कारण तिथे आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नव्हे. अर्धा इंची युनिफाइड पान्याचे तोंड १२.७ मिलिमीटर, इथे आकडा नटाच्या रुंदीचा. आणि मिलिमीटरचा पाना १३. तिन्ही साधारण एकसारखे दिसतात, नटावर चढतातही. नट सैल असेल तर कोणताही चालून जातो. पण नट जाम असेल आणि १२.७ च्या नटावर १३ चा पाना लावून जोर केला, तर तो नटाच्या सपाट बाजूंवर न बसता कोपऱ्यांवर बसतो आणि कोपरे मरतात. गोल झालेला नट हा जाम झालेल्या नटापेक्षा कितीतरी अवघड. तेव्हा जोर लावण्याआधी पाना बरोबर आहे ना, आणि आटे उलटे तर नाहीत ना, हे पाहणे आले. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे मुलांना माहीत असते. जुन्या काही जीपच्या डाव्या चाकांचे नटही तसेच उलटे सुटतात.

आता काढण्याच्या युक्त्या. नागपूरच्या एखाद्या मिस्त्रीच्या तोंडी हमखास ऐकू येणारे वाक्य असे: “अबे, जोर नको लावू. मातीचं तेल पाज अन् चहा पिऊन ये.” मातीचे तेल म्हणजे पुण्यामुंबईकडचे रॉकेल. रेशनवर ते मिळणे कमी झाल्यापासून डिझेल वापरतात. यातल्या चहाला महत्त्व आहे. अरुंद फटीत द्रव किती वेगाने शिरतो याचे समीकरण १९२१ मध्ये वॉशबर्न यांनी मांडले. लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट आत जायला चौपट वेळ. तो द्रवाच्या विष्यंदितेच्या, म्हणजे दाटपणाच्याही प्रमाणात वाढतो. इंजिनचे ऑइल रॉकेलपेक्षा शंभरेक पट दाट असते. रॉकेल जिथे दहा मिनिटांत पोहोचेल तिथे ऑइलला, निव्वळ हिशोबाने, सोळा-सतरा तास लागतील. म्हणून चांगले ऑइल ओतून लगेच पाना लावणारा फसतो. मात्र रॉकेलला वंगणाचा गुण कमी, म्हणून त्यात थोडे ऑइल मिसळण्याची रीत पडली. बाजारात मिळणारे डब्ल्यूडी-४० हे प्रसिद्ध द्रावण १९५३ मध्ये अमेरिकेत सान दिएगो इथे तयार झाले, ते मुळात पाणी हुसकावून लावण्यासाठी. नावातली अक्षरे तेच सांगतात आणि चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयत्न. त्याचा पहिला उपयोग अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून झाला.

दुसरी युक्ती उष्णतेची, आणि ती मोटारीपेक्षा फार जुनी आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो. ती फुगते, चाकावर सहज बसते, मग पाणी ओतले की आवळते. नट काढताना हेच उलटे करायचे: बोल्टला शक्य तेवढे थंड ठेवून नट तापवायचा. लोखंड दर अंशाला दर मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर प्रसरण पावते. दहा मिलिमीटर व्यासाचा नट बोल्टपेक्षा ३०० अंशांनी जास्त तापला तर व्यास ०.०३६ मिलिमीटरने वाढेल. आकडा लहान दिसतो, पण आपण वर काढलेल्या गंजाच्या हिशोबाच्याच पंगतीतला आहे. ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलीन एकत्र जाळल्यास अतिशय प्रखर ज्योत मिळते हे ल शातलिए यांनी १८९५ मध्ये दाखवले आणि १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्येच तिची बत्ती तयार झाली. तिच्यामुळे एकटा नट झटकन तापवणे शक्य झाले. भट्टीत ते जमत नसे.

पण उष्णतेचा आणखी एक परिणाम आहे, तो प्रसरणाइतकाच कामाचा वाटतो आणि त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. २५०-३०० अंशांच्या आसपास गोएथाइटमधले पाणी निघून जाते आणि त्याचा हेमटाइट होतो. आता आकारमानाचे गुणोत्तर २.९ वरून २.१ वर येते. म्हणजे गंज स्वतःच चतुर्थांशाहून जास्त आकसतो आणि तडकतो. निवल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणूनच एकदा लाल करून पूर्ण थंड होऊ दिलेला नट पुष्कळदा सहज फिरतो. ही क्रिया मुलांना डोळ्यांनी दिसते: पिवळी माती पत्र्यावर भाजली की तिचा तांबडा गेरू होतो. रंग बदलतो तो याच पाण्याच्या जाण्याने.

उष्णतेच्या बाबतीत सावधगिरी मात्र हवी. पेट्रोलची टाकी, नळी, ब्रेकची रबरे, हवा किंवा तेल कोंडलेला शॉक अ‍ॅबसॉर्बर यांच्याजवळ ज्योत नेणे म्हणजे अपघाताला बोलावणे. रॉकेल पाजलेल्या नटाला लगेच ज्योत लावू नये. जस्ताचा मुलामा दिलेला नट तापवला की पांढरा धूर निघतो, तो छातीत जाऊ देऊ नये. आणि स्टीअरिंगचा किंवा ब्रेकचा बोल्ट एकदा लाल केला की त्याची मूळची ताकद गेली असे समजून तो नवा टाकावा. गॅरेजमध्ये काम शिकणारी मुले चौदा-पंधरा वर्षांची असल्याचे आपण पाहतो. त्यांना यातले धोके कोणी सांगत नाही, आणि शाळेत ‘धातूंचे प्रसरण’ शिकवताना ते सांगायला दोन मिनिटे पुरतात.

ठोकणे आणि मागेपुढे करणे या उरलेल्या दोन युक्त्या. गंज ठिसूळ असतो, लोखंड चिवट. बोल्टच्या डोक्यावर सरळ ठोका दिला की लोखंड दबून परत उसळते, गंज तेवढा लवचीक नसल्याने फुटतो आणि त्या भेगांतून तेल आत जाते. नट थोडा हलला की लोक उत्साहाने सरळ फिरवत सुटतात. मग सुटलेली भुकटी पुढच्या आट्यांत ठासते आणि बोल्ट तुटतो. पाव वेढा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल, असे करावे लागते. बारीक बोल्टशी तर फार जपून. पिळाला तोंड देण्याची बोल्टची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. बारा मिलिमीटरच्या बोल्टच्या मानाने सहा मिलिमीटरचा बोल्ट आठव्या हिश्शाच्या जोराने तुटतो, आणि माणसाचा हात तर तोच असतो. पाना फिरतो आहे पण स्प्रिंगसारखा परत येतो आहे असे हाताला जाणवले तर नट फिरत नसून बोल्ट पिळला जातो आहे. तिथे थांबायचे.

आणि सगळे करून नट सुटलाच नाही तर? छन्नीने तो फाडायचा. नट दोन-चार रुपयांचा, इंजिनाचा ठोकळा मिळत नाही. काय वाचवायचे आणि काय सोडून द्यायचे हे आधी ठरवायचे, मग हत्यार उचलायचे. सायलेन्सरच्या जोडावर पुष्कळ गाड्यांत पितळी नट वापरतात तेही याच विचाराने: पितळ लोखंडासारखे गंजत नाही, आणि वेळ आलीच तर मऊ असल्याने नट मरतो, स्टड वाचतो.

नेमक्या याच प्रश्नाचे अगदी उलटे उत्तर द्यावे लागते असे गंजलेले लोखंड नागपूरच्या परिसरातच सापडले आहे. शहराभोवती जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट, खापा या ठिकाणी दगडांची वर्तुळे आहेत, ती लोहयुगातल्या लोकांची दफने. जुनापाणीची वर्तुळे एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने उकरली. माहुरझरीला १९७०-७२ मध्ये शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तेव्हा घोड्यांची दफने मिळाली, आणि घोड्यांबरोबर लोखंडी लगामाच्या कड्या. पेंच नदीजवळच्या नैकुंड इथे १९७८-८० मध्ये देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली, वक्राकार विटांची, भात्याच्या नळ्यांसकट. हे सारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे विदर्भात लोखंड आणि गंज या दोघांचाही मुक्काम व्हिटवर्थच्या फार आधीपासूनचा आहे.

लगामाची जोडकडी म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या दोन सळया. जमिनीखाली दोन्हींवर गंज फुगला आणि मधली फट भरून जोड जाम झाला. नटाचे जे झाले तेच. मिस्त्री इथे तेल पाजून ठोकेल. संग्रहालयातला रसायनज्ञ तसे करणार नाही. कारण पुष्कळ वस्तूंत आतले धातूरूप लोखंड जवळजवळ संपलेले असते आणि वस्तूचा मूळ पृष्ठभाग, तिचा आकार, तिच्यावरच्या खुणा हे सारे गंजाच्या थरातच उरलेले असते. गंज खरवडला की वस्तूच गेली. शिवाय मातीतले क्लोराइड त्यात मुरलेले असतात. वस्तू वर काढून दमट हवेत ठेवली की ती पापुद्रे होऊन सुटू लागते, म्हणून आधी ते क्लोराइड धुऊन काढावे लागतात. बर्लिनच्या राजसंग्रहालयात १८८८ मध्ये फ्रीडरिख राटगेन यांनी यासाठी प्रयोगशाळा सुरू केली. पुढे अनेक दशके जिच्यात थोडे धड लोखंड उरले आहे अशी वस्तू अल्कलीच्या द्रावणात ऋण अग्र म्हणून टांगून हळूहळू वीज सोडण्याची रीत सर्वत्र वापरली गेली.

हीच रीत आता जुन्या गाड्यांचे हौशी लोक वापरतात, आणि ती शाळेतही करता येते. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा, बॅटरीच्या ऋण टोकाला गंजलेला बोल्ट आणि धन टोकाला साध्या लोखंडाचा जुना तुकडा. स्टेनलेस स्टील धन टोकाला लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम संयुगे पाण्यात येतात. बोल्टवरून निघणारे बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून खिडक्या उघड्या आणि काड्यापेटी लांब.

त्याआधी मात्र नट जाम व्हायला हवेत. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोच मुहूर्त धरावा. एकाच मापाचे नवे, मुलामा नसलेले आठ नट-बोल्ट सारखेच आवळून घ्यावेत. दोन कोरड्या बाटलीत बंद, दोन उघड्यावर पावसात, दोन रोज मिठाचे पाणी शिंपडून, आणि दोन ग्रीस लावून पावसात. दिवाळीच्या सुट्टीनंतर बोल्ट पकडीत आडवा धरायचा, पानाही आडवा लावायचा आणि त्याच्या टोकाला रिकामी बाटली टांगून तीत मापाने पाणी ओतत जायचे. एक लिटर म्हणजे एक किलो. किती लिटरला नट हलला, ते प्रत्येकासमोर लिहायचे. मिठाच्या दोघांसाठी बाटली पुरणार नाही, बादली हाताशी ठेवावी.